काळें पाणी : इतिहासांत आणि चित्रपटांत

सोलापूर जिल्ह्यांतील करमाळा तालुक्यांत जेऊर नांवाचें एक रेल्वेस्थानक आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग पुणें, दौंड, जेऊर, कुर्डुवाडी, सोलापूर अशीं गांवें घेत रायचुरास जातो आणि तेथून पुढें मद्रासेस, म्हणजे आजच्या चेन्नईस, पोंचतो. इ. स. १८७१ मध्यें रायचूर येथें मुंबईकडचे व मद्रासकडचे रूळ एकमेकांस मिळाले, आणि पश्चिम समुद्र व पूर्व समुद्र एका लोखंडी वाटेनें जोडले गेले. ह्या वाटेवरून शेतकऱ्यांचें धान्य गेलें, पंढरीचे वारकरी गेले, गिरण्यांत पोट भरावयास निघालेलीं कुटुंबें गेलीं. इ. स. १९११ च्या जून महिन्यांत ठाण्याच्या तुरुंगांतून निघालेला जन्मठेपीच्या कैद्यांचा एक तांडाही ह्याच मद्रासच्या वाटेनें आगगाडींतून नेण्यांत आला. तुरुंगाच्या बोलींत अशा तांड्यास 'चलान' म्हणत. त्या चलानांत अठ्ठावीस वर्षांचा, विलायतेंत कायद्याचा अभ्यास पुरा केलेला एक तरुण होता. त्याला दोन जन्मठेपी झाल्या होत्या आणि त्या एकामागून एक भोगावयाच्या होत्या. पन्नास वर्षें! त्याच्या कैदी बिल्ल्यावर सुटकेचें साल १९६० असें घातलेलें होतें. मद्रासेच्या धक्क्यावर 'महाराजा' नांवाची आगबोट उभी होती. तिनें विनायक दामोदर सावरकर ह्यांस ४ जुलै १९११ रोजीं अंदमानांत पोंचविलें.

अंदमानचें नांव आज काढलें कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें चित्रपटांतील देखावे उभे राहतात. उंच मनोरा, कोलूला जुंपलेला हाडकुळा बंदी, हातांत दंडुका घेतलेला गोरा जेलर, चाबकाचा कडकडाट आणि मागें समुद्राचा घोष. हे देखावे खोटे आहेत असें नव्हे. परंतु ते पुरे आहेत काय? इतिहासांतलें काळें पाणी आणि पडद्यावरचें काळें पाणी हीं एकच आहेत काय? ह्याचें उत्तर शोधावयाचें तर आधीं त्या बेटाचा इतिहासच नीट पाहिला पाहिजे.

'काळें पाणी' हा शब्द इंग्रजांनीं निर्माण केला नाहीं. समुद्र ओलांडला कीं जात गेली, आप्तेष्ट सुटले, अग्नि देणारा हात सुटला, ही जुनी समजूत होती. इंग्रज राज्यकर्त्यांनीं ती हेरली आणि तिचेंच शस्त्र बनविलें. फांशी क्षणांत संपते. परंतु समुद्रापलीकडे नेलेला माणूस जिवंत असूनही घरच्यांना मेल्यासारखा होतो, हें त्यांनीं ओळखलें. अंदमानची वसाहत होण्यापूर्वींच हिंदुस्थानांतील बंदी सुमात्रांतील बेंकूलेन, पिनांग, सिंगापूर आणि मॉरिशस येथें धाडले जात असत. महाराष्ट्राच्या आठवणींत तर अंदमानाआधीं एडनचें नांव येतें. शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके ह्यांस इ. स. १८८० च्या आरंभीं एडनच्या तुरुंगांत नेण्यांत आलें. तेथून एकदां ते निसटले, लगेच पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं अन्नत्याग करून त्या परक्या भूमींतच त्यांनीं देह ठेवला. गुन्हेगाराला आपल्या मातींत मरूं सुद्धां न देणें, हा ह्या शिक्षेचा गाभा होता.

अंदमानांत पहिली इंग्रजी वसाहत इ. स. १७८९ मध्यें झाली. आर्चिबाल्ड ब्लेअर ह्या आरमारी अधिकाऱ्यानें तेथील बंदराची पाहणी केली होती. परंतु हवा इतकी रोगट कीं इ. स. १७९६ मध्यें ती वसाहत मोडून टाकावी लागली. पुढें साठ वर्षें त्या बेटांकडे कोणी फिरकलें नाहीं. इ. स. १८५७ चा उठाव झाला आणि सरकारपुढें प्रश्न पडला, कीं हजारों बंडवाल्यांचें करावयाचें काय? डॉक्टर मोअट ह्यांच्या समितीनें पुन्हा त्याच बेटाकडे बोट दाखविलें. १० मार्च १८५८ रोजीं डॉक्टर जेम्स पॅटिसन वॉकर हा दोनशें बंद्यांसह 'सेमिरामिस' बोटीनें तेथें उतरला. भोंवतीं घनदाट अरण्य, दलदल, जळवा, हिंवताप, आणि आपल्या भूमींत घुसलेल्या परक्यांवर बाण सोडणारे मूळचे रहिवासी. बंद्यांनीं प्रथम झाडें तोडलीं आणि मग त्याच लांकडांच्या स्वतःच्या कोठड्या बांधल्या. पुष्कळ बंदी ब्रह्मदेशाची वाट सांपडेल ह्या आशेनें पळाले. जे परत आले वा पकडले गेले त्यांपैकीं ऐंशींहून अधिक जणांस वॉकरनें फांशी दिलें. त्या पळून गेलेल्यांपैकीं दुधनाथ तिवारी हा बंदी अंदमानी लोकांत वर्षभर राहिला. ते वसाहतीवर हल्ला करणार असल्याची सूचना त्यानेंच इंग्रजांना दिली. १७ मे १८५९ ची ती अॅबर्डीनची लढाई होय. आपल्या भूमीसाठीं लढणारे अंदमानी त्या दिवशीं हरले. बंदीवासाच्या ह्या इतिहासांत मूळच्या भूमिपुत्रांचें दुःखही गुंफलेलें आहे, हें विसरतां कामा नये.

पुढें रॉस बेटावर अधिकाऱ्यांचीं घरें, चर्च आणि बागा झाल्या. व्हायपर बेटावर सांखळदंडाच्या बंद्यांसाठीं तुरुंग आणि वधस्तंभ उभा राहिला. ८ फेब्रुवारी १८७२ रोजीं हिंदुस्थानचा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो होपटाउनच्या धक्क्यावरून बोटींत चढत असतां शेर अली आफ्रिदी नांवाच्या पठाण बंद्यानें त्यास सुऱ्यानें भोंसकलें. शेर अलीस ११ मार्च रोजीं व्हायपर बेटावर फांशी देण्यांत आलें. ज्या वसाहतीची पाहणी करावयास राज्याचा प्रमुख आला तेथेंच तो पडला. त्यानंतर तेथील कारभार अधिक कडक झाला ह्यांत नवल नाहीं.

तथापि वसाहत जसजशी जुनी होत गेली तसतसें सरकारला एक निराळेंच भय वाटूं लागलें. बंद्यांना कांहीं वर्षांनीं 'तिकीट' मिळे. मग ते शेती करीत, जनावरें पाळीत, स्त्री-बंद्यांशीं लग्न करून घर मांडीत. काळ्या पाण्याची दहशत ओसरूं लागली. इ. स. १८९० मध्यें लायल आणि लेथब्रिज ह्या अधिकाऱ्यांनीं चौकशी करून शिफारस केली, कीं नव्यानें आलेल्या बंद्यास आरंभीं कांहीं काळ अगदीं एकांतांत ठेवावें. ह्या शिफारशींतून सेल्युलर तुरुंग जन्मास आला. इ. स. १८९६ पासून १९०६ पर्यंत दहा वर्षें हें काम चाललें, आणि तें करणारे हात बंद्यांचेच होते.

ह्या इमारतीची रचना समजली म्हणजे तिचा हेतुही समजतो. मध्यें एक मनोरा. त्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणें निघालेल्या तीन मजली सात इमारती. आणि त्यांत सहाशें नव्वदांहून अधिक कोठड्या. तारकाकृति तुरुंगाची ही कल्पना अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें इ. स. १८२९ मध्यें उघडलेल्या कारागृहानें जगभर प्रसिद्ध केली होती. प्रत्येक कोठडी सुमारें साडेतेरा फूट लांब व सात-साडेसात फूट रुंद. मागच्या भिंतींत उंचावर एक लहान झरोका. पुढें लोखंडी गजांचें दार. दाराचा अडसर भिंतींतील कोनाड्यांत अशा अंतरावर बसविलेला, कीं आंतून कितीही हात लांबविला तरी तो कड्यास लागूं नये. एका इमारतीचें तोंड दुसऱ्या इमारतीच्या पाठीकडे. त्यामुळें समोर पाहिलें तर दिसे ती भिंत. माणसाचा चेहरा दिसूं नये अशीच ती योजना होती. मनोऱ्यावरचा एक पहारेकरी सर्व सज्जांवर नजर ठेवूं शके, पण शेजारच्या दोन बंद्यांस एकमेकांचें तोंड पाहतां येत नसे. 'सेल्युलर' म्हणजे कोठड्यांचा. ह्या नांवांतच त्या तुरुंगाचें सारें तत्त्वज्ञान सांठवलेलें आहे.

एकांताच्या जोडीला कष्ट होते. नारळाचीं सोडणें कुटून काथ्या काढणें, दोर वळणें, आणि सर्वांत भयंकर म्हणजे कोलू. बैलानें ओढावयाचा तेलाचा घाणा माणसानें ओढावयाचा, आणि दिवसाअखेर तीस पौंड खोबरेल मोजून द्यावयाचें. तें भरलें नाहीं तर हातकड्या, दंडाबेडी, अर्धपोटीं अन्न किंवा फटके. डेव्हिड बारी हा आयरिश जेलर ह्या राज्याचा अधिपति होता. त्याच्या हाताखालचे वॉर्डर आणि जमादार हे बंद्यांतूनच निवडलेले असत. बंद्यास बंद्याकडून छळविण्याची ही युक्ति जितकी स्वस्त तितकीच परिणामकारक होती.

इ. स. १९०९-१० पासून ह्या तुरुंगांत निराळ्या प्रकारचे बंदी येऊं लागले. बंगालमधील अलीपूर खटल्यांतील बारींद्रकुमार घोष, उल्हासकर दत्त, उपेंद्रनाथ बॅनर्जी हे आले. नाशिकचे गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकर ह्यांस जून १९०९ मध्यें जन्मठेप झाली. त्यांचा अपराध काय, तर राजद्रोही ठरविलेल्या कवितांचें प्रकाशन! धाकटे बंधु विनायकराव मागाहून आले. दोघे सख्खे भाऊ एकाच चार भिंतींच्या आंत होते, आणि तरीही बराच काळ त्यांची भेट होऊं शकली नाहीं. नाशिकच्या कटांतील वामनराव जोशी हेही तेथेंच होते. लिहावयास कागद नाहीं, वाचावयास पुस्तक नाहीं, बोलावयास माणूस नाहीं. अशा स्थितींत विनायकरावांनीं कोठडीच्या भिंतीवर टोंकदार वस्तूनें ओळी कोरल्या, त्या पाठ केल्या आणि पुसल्या. 'कमला' हें काव्य असेंच जन्मलें. बंदी एकमेकांशीं बोलत ते बेड्यांच्या ठोक्यांच्या खुणांनीं. जेथें डोळ्यांस बंदी होती तेथें कानांनीं माणूस माणसास शोधून काढला.

सर्वांनाच तें जमलें नाहीं. एप्रिल १९१२ मध्यें इंदुभूषण रॉय ह्या तरुणानें कोठडींत गळफास लावून घेतला. उल्हासकर दत्तास वेड लागलें. हंसत बाँब बनविणारा म्हणून ज्याची ख्याति होती त्याची ती दशा पाहून इतरांचीं मनें हादरलीं. बंद्यांनीं कामबंदी केली, उपवास केले, आणि ह्या छळाच्या वार्ता वर्तमानपत्रांपर्यंत पोंचल्या. ऑक्टोबर १९१३ मध्यें सरकारचे गृहमंत्री सर रेजिनाल्ड क्रॅडॉक स्वतः अंदमानांत आले. विनायकरावांनीं त्या काळीं आणि पुढेंही सुटकेसाठीं सरकारकडे अर्ज केले. इतर कांहीं राजबंद्यांनींही केले. त्या अर्जांचा अर्थ काय लावावा ह्यावर आज तीव्र मतभेद आहेत. परंतु हे अर्ज कोणत्या चार भिंतींतून लिहिले गेले हें समजून घेतल्यावांचून त्या वादाचा निकाल कोणत्याही बाजूस देणें न्यायाचें होणार नाहीं. आणि ते लिहिले गेले हें झांकून ठेवणें हाही न्याय नव्हे.

ह्या शिक्षेचा दुसरा अर्धा भाग नाशिकांत भोगला जात होता. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी दहा वर्षें पतीच्या भेटीची वाट पाहत राहिल्या. इ. स. १९१९ मध्यें धाकटे दीर नारायणराव आणि जाऊ यमुनाबाई ह्यांस अंदमानांत भेटीस जाण्याची परवानगी मिळाली खरी. परंतु त्याच वर्षीं, ती भेट होण्यापूर्वींच, येसूवहिनी हें जग सोडून गेल्या होत्या. त्यांना कोणी बेडी घातली नव्हती, त्यांच्या नांवें कोणताही बिल्ला नव्हता. तरीही ती जन्मठेप त्यांनीं पुरी भोगली.

२ मे १९२१ रोजीं दोन्ही बंधूंस अंदमानांतून हिंदुस्थानांत आणण्यासाठीं निघावें लागलें. परंतु पुढेंही विनायकरावांचा तुरुंगवास सुटला नाहीं. जानेवारी १९२४ मध्यें त्यांची अटींवर मुक्तता झाली आणि रत्नागिरींतील स्थानबद्धता इ. स. १९३७ पर्यंत चालली. त्यांची 'माझी जन्मठेप' इ. स. १९२७ मध्यें ग्रंथरूपानें निघाली. अंदमान मराठी घरांत शिरलें तें ह्या पुस्तकानें. पुढें सरकारनें तें जप्त केलें, आणि जप्त झालेल्या पुस्तकाचें जें होतें तेंच त्याचें झालें. तें अधिक आस्थेनें वाचलें गेलें.

काळ्या पाण्याचा इतिहास सावरकर बंधूंच्या परतण्यानें संपला नाहीं, हें मात्र पुष्कळदां विसरलें जातें. इ. स. १९३२ मध्यें बंगाल, पंजाब, संयुक्त प्रांत येथील क्रांतिकारकांस पुन्हा अंदमानांत धाडण्यास आरंभ झाला. त्यांत चितगांवच्या शस्त्रागारावर चाल करून जाणारे तरुण होते, भगतसिंगांचे सहकारी होते. मे १९३३ मध्यें त्यांनीं माणुसकीच्या वागणुकीसाठीं अन्नत्याग केला. नळीनें दूध पोटांत घालण्याच्या बळजबरीमुळें महावीर सिंग, मोहनकिशोर नामदास आणि मोहित मैत्र हे तिघे दगावले. त्यांच्या मृत्यूनंतर बंद्यांस दिवे मिळाले, पुस्तकें मिळालीं, आणि तो तुरुंग म्हणजे एक पाठशाळाच होऊन गेला. २४ जुलै १९३७ रोजीं दुसरा उपवास सुरू झाला. गांधीजी आणि रवींद्रनाथ ह्यांनीं उपवास सोडण्याची विनंति केली. त्यानंतर राजबंदी टप्प्याटप्प्यानें परत आणले गेले, आणि जानेवारी १९३८ पर्यंत अंदमान राजबंद्यांपासून मोकळें झालें.

मार्च १९४२ मध्यें जपान्यांनीं बेटें घेतलीं. २९ डिसेंबर १९४३ रोजीं नेताजी सुभाषचंद्र तेथें उतरले, त्यांनीं सेल्युलर तुरुंग पाहिला, आणि स्वतंत्र हिंदुस्थानचा झेंडा तेथें फडकला. परंतु त्याच काळांत त्याच कोठड्यांत जपानी अधिकारी हेरगिरीच्या संशयावरून बेटावरच्या हिंदी रहिवाशांचा छळ करीत होते. डॉक्टर दिवान सिंग हे छळानें जानेवारी १९४४ मध्यें तुरुंगांत मेले, आणि ३० जानेवारी रोजीं होमफ्रेगंज येथें चव्वेचाळीस जणांस गोळ्या घातल्या गेल्या. तुरुंगाला धनी कोण आहे ह्याची फिकीर नसते. किल्ली ज्याच्या हातीं असेल त्याचें तो काम करतो. इ. स. १९४१ च्या भूकंपानें इमारतीस धक्का बसला होता. पुढें सातांपैकीं चार इमारती पाडल्या गेल्या आणि त्या जागीं रुग्णालय झालें. जुन्या बंद्यांनीं उरलेला भाग राखण्यासाठीं आग्रह धरला, म्हणून तीन इमारती वांचल्या. ११ फेब्रुवारी १९७९ रोजीं पंतप्रधान मोरारजी देसाई ह्यांनीं त्या राष्ट्रीय स्मारक म्हणून देशास अर्पण केल्या.

आतां पडद्याकडे वळूं. 'काला पानी' ह्या नांवाचा एक प्रसिद्ध हिंदी बोलपट इ. स. १९५८ मध्यें निघाला. दिग्दर्शक राज खोसला. भूमिका देव आनंद, मधुबाला आणि नलिनी जयवंत ह्यांच्या. परंतु त्यांत अंदमान नाहीं! खुनाच्या खोट्या आरोपावरून हैदराबादच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या बापास निर्दोष ठरविण्यासाठीं धडपडणाऱ्या मुलाची ती कथा आहे. स्वातंत्र्यानंतर अवघ्या अकरा वर्षांत 'काळें पाणी' हा शब्द बेट सोडून केवळ जन्मठेपेचा वाचक कसा बनला होता, ह्याचा हा बोलपट म्हणजे साक्षीदारच होय.

खरें अंदमान पडद्यावर भव्यपणें आणलें तें प्रियदर्शन ह्यांच्या 'कालापानी' ह्या मल्याळी चित्रपटानें, इ. स. १९९६ मध्यें. मोहनलाल ह्यांनीं त्यांत गोवर्धन नांवाच्या वैद्याचें काम केलें. आगगाडी उडविल्याचा खोटा आळ येऊन हा नवविवाहित तरुण अंदमानांत जातो, आणि घरीं त्याची पत्नी पार्वती वाट पाहत राहते. तब्बू ह्यांनीं ती भूमिका केली. अन्नू कपूर हे सावरकर झाले. अमरीश पुरी हे जमादार मिर्झाखान. हिंदींत हाच चित्रपट 'सजा-ए-कालापानी' म्हणून आला. छायाचित्रण आणि कलादिग्दर्शन ह्यांसाठीं त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, आणि ते योग्यच होते. कोठडीची ओल आणि कोलूचा करकराट प्रेक्षकांच्या अंगावर येतो. मात्र शेवटीं नायक जेलर बारी आणि मिर्झाखान ह्या दोघांस ठार करून फांशी जातो. इतिहासांत असें कांहीं घडलें नाहीं. बारी कोणा बंद्याच्या हातून मेला नाहीं. चित्रपटास सूड हवा असतो, कारण प्रेक्षक तिकीट काढून आलेला असतो आणि त्यास मनाचें समाधान घेऊन घरीं जावयाचें असतें. इतिहासानें इंदुभूषणास तें समाधान दिलें नाहीं.

महाराष्ट्राच्या दृष्टीनें अधिक जिव्हाळ्याचा चित्रपट म्हणजे १६ नोव्हेंबर २००१ रोजीं प्रदर्शित झालेला 'वीर सावरकर'. प्रख्यात गायक आणि संगीतकार सुधीर फडके ह्यांनीं त्यासाठीं लोकवर्गणी गोळा केली आणि आयुष्याच्या उतारवयांतील कित्येक वर्षें त्यांत घातलीं. दिग्दर्शक वेद राही होते, आणि शैलेंद्र गौर ह्यांनीं सावरकरांची भूमिका केली. चित्रपट लोकांसमोर आल्यानंतर वर्षाच्या आंत, जुलै २००२ मध्यें, बाबूजी निवर्तले. धंद्याचा हिशेब डोळ्यांपुढें न ठेवतां सामान्य माणसांच्या देणग्यांतून ऐतिहासिक चित्रपट उभा राहावा, ही गोष्ट स्वतःच इतिहासांत नोंदवून ठेवण्याजोगी आहे. मार्च २०२४ मध्यें रणदीप हुड्डा ह्यांनीं स्वतः दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका करून 'स्वातंत्र्य वीर सावरकर' हा चित्रपट काढला. कोठडींतील क्षीण झालेला देह दाखविण्यासाठीं त्यांनीं आपलें वजन फार घटविलें. ह्या चित्रपटाची स्तुति झाली तशी, त्यांतील कांहीं ऐतिहासिक विधानांवरून, टीकाही झाली.

हा दोष केवळ आपल्याकडचा नाहीं. अमेरिकेंतील सॅनफ्रान्सिस्को बंदरांतलें अल्कॅट्राझ हें बेट इ. स. १९३४ पासून १९६३ पर्यंत मध्यवर्ती सरकारचें कारागृह होतें. इ. स. १९६२ च्या एका प्रसिद्ध चित्रपटानें तेथील रॉबर्ट स्ट्राउड नांवाच्या बंद्यास 'अल्कॅट्राझचा पक्षिमित्र' म्हणून अजरामर केलें. वस्तुतः त्यानें पक्षी पाळले ते लेव्हनवर्थच्या तुरुंगांत. अल्कॅट्राझमध्यें त्यास एकही पक्षी ठेवूं दिला गेला नाहीं! फ्रान्सनें गियाना प्रांतांत इ. स. १८५२ पासून शतकभर चालविलेल्या बंदिवसाहतीची कथा जगास मुख्यतः 'पॅपिलॉन' ह्या इ. स. १९७३ च्या चित्रपटावरून ठाऊक आहे. ज्या आंरी शार्येरच्या पुस्तकावर तो बेतला, त्यानें इतरांच्या हकीकती स्वतःच्या नांवावर मांडल्या असें अभ्यासकांचें मत आहे. बेटावरचा तुरुंग म्हटला कीं चित्रपटास पलायन हवें असतें, किंवा सूड हवा असतो, किंवा एकच एक नायक हवा असतो.

आणि येथेंच मुख्य गोष्ट सुटते. सेल्युलर तुरुंगाचें खरें हत्यार चाबूक नव्हतें. तें हत्यार म्हणजे एकांत. चित्रपट ही हालचालीची आणि चेहऱ्यांची कला आहे. जेथें कांहींच घडत नाहीं, जेथें समोर चेहराच नाहीं, तेथें कॅमेऱ्यानें दाखवावयाचें काय? कोठडींतले सहा महिने पडद्यावर सहा क्षणांत संपतात, कारण ते सहा मिनिटें जरी दाखविले तरी प्रेक्षक उठून जाईल. म्हणून चित्रपट कोलू दाखवितो, फटके दाखवितो, आरडाओरडा दाखवितो. त्यांत खोटें कांहीं नाहीं. परंतु उल्हासकर दत्ताचें मन ज्या शांततेनें मोडलें, ती शांतता चित्रपटाच्या हातीं लागत नाहीं. ह्या बाबतींत सेल्युलर तुरुंगाच्या आवारांत सायंकाळीं होणारा ध्वनि-प्रकाशाचा प्रयोग अधिक जवळ जातो, असें म्हणतां येईल. त्यांत तेथला पिंपळाचा वृक्ष बोलतो, ओम पुरी ह्यांच्या आवाजांत. काळोखांत बसून नुसता आवाज ऐकतांना श्रोता कांहीं क्षण तरी त्या बंद्याच्या जागीं जातो, ज्याला जग केवळ कानांनींच उरलें होतें.

दुसरी गोष्ट सुटते ती अनामिकांची. विसाव्या शतकाच्या आरंभीं अंदमानांत दहा हजारांहून अधिक बंदी होते. त्यांपैकीं राजबंदी मोजके. बाकीचे सारे साधे गुन्हेगार. भाऊबंदकींत कुऱ्हाड चालविलेले, दरोड्यांत सांपडलेले, आणि कित्येक कदाचित् निर्दोषही. तो तुरुंग त्यांनींच बांधला, कोलू त्यांनींही ओढला, आणि त्यांच्यावर कोणी चित्रपट काढला नाहीं. त्यांची मुलेंबाळें अंदमानांतच राहिलीं. निरनिराळ्या प्रांतांच्या, धर्मांच्या आणि जातींच्या आईबापांपासून जन्मलेल्या त्या समाजानें हिंदुस्थानी ही एक भाषा आपली मानली. जातीचा नाश म्हणून ज्या पाण्याची भीति घातली गेली, त्या पाण्यापलीकडे जातीवांचून जगणारा एक समाज उभा राहिला. ही ह्या साऱ्या कहाणींतील सर्वांत अनपेक्षित आणि सर्वांत आशादायक गोष्ट आहे. आणि तीच पडद्यावर अजून यावयाची आहे.

म्हणून चित्रपट पाहूं नयेत असें मुळींच नव्हे. चित्रपट पाहून ज्याचे डोळे ओलावतात तोच एखादे वेळीं 'माझी जन्मठेप' उघडतो, आणि ती उघडणाराच पुढें बारींद्र, उल्हासकर, महावीर सिंग ह्यांच्याविषयीं विचारूं लागतो. चित्रपटानें दार उघडावें. आंत मात्र ज्याचें त्यानेंच गेलें पाहिजे.

जेऊरवरून मद्रासेकडे जाणाऱ्या गाड्या आजही धांवतात. फलाटावर निरोप देण्यास आलेलीं माणसें गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभीं राहतात, आणि मग घराकडे वळतात. कारण गेलेला माणूस परत येणार ही त्यांची खात्री असते. इ. स. १९११ च्या त्या जूनमध्यें चलानांतील माणसांमागें ही खात्री कोणाजवळही नव्हती. ती आज प्रत्येकाजवळ आहे, इतकेंच नव्हे, तर ती असणें ही गोष्ट आज कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. काळ्या पाण्याचा इतिहास वाचावयाचा तो ही खात्री किती महाग पडली आहे, तें समजण्यासाठीं.